खालचं नाव

किल्ला बघून किलागेटला उतरणारी माणसं
आधी पाणी मागतात, मग रिक्षा.
तिनं पाटी मागितली.

पन्नाशीची, गुडघा खरचटलेला,
हातांना माझ्यासारखेच घट्टे, फक्त जागा वेगळ्या.
फ्लेक्स आल्यापासून माझ्याकडे कोण येतं?
ट्रकवाले. कधी एखादा डॉक्टर, हौस म्हणून.
मी स्टूल पुसून दिलं.

तिचा फोन मधे बसून हिंदी बोलत होता,
अगदी अदबीनं, मलाही 'आप', किल्ल्यालाही 'आप'.
नाव रोझेन. काम छपरं शाकारणं.
समुद्राकडचं लहानसं गाव, त्यात एक जुना किल्ला
नदीत पाय सोडून बसलेला
(आमची स्वर्णरेखा आठवली, मी गप्प राहिलो),
तीन बुरूज, तिघांना टोकदार टोप्या,
टोप्यांवर पाट्या.

कसल्या पाट्या?
तिनं पिशवीतून एक काढली.
काळी, पातळ, कोपऱ्यात खिळ्याचं भोक.
अरे, हा तर ओळखीचा दगड!
यावर मी अ गिरवला, थुंकीनं पुसला, मार खाल्ला.
तिकडे तोच दगड हजारांनी वर चढवतात,
माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक,
आणि पावसाशिवाय त्यावर कोणी काही लिहीत नाही.

तुमच्या अक्षरात गावाचं नाव द्या, म्हणाली.
दिलं. निळ्यावर पांढरं.
आता खाली दुसरं.
म्हणजे?
आमच्या वेशीवर दोन असतात.
वरचं सरकारचं, खालचं बापाचं.

बाप शाळेत खालच्या भाषेत बोलला
म्हणून मास्तरांनी गळ्यात लाकडी खडाव अडकवली.
दुसरं पोर तसं बोलताना पकडलं
की खडाव त्याच्या गळ्यात,
आणि शाळा सुटताना जिथे असेल तिथे छड्या.
'म्हणून तो कान देऊन ऐकायला शिकला,' ती म्हणाली,
'आणि माझ्याशी मरेपर्यंत वरच्याच भाषेत बोलला.'
फोननं हे सुद्धा त्याच अदबीनं सांगितलं.

खालच्या नावात मधेच एक आवाज होता,
घशात माशाचा काटा अडकावा तसा.
ह लिहिला. नाही.
ख लिहिला. नाही, नाही.
शेवटी शेजारच्या अख़्तर टेलरच्या पाटीवरून
एक नुक्ता उसना आणला.
'जवळ आलात,' म्हणाली. तेवढ्यावर मिटवलं.

मग विचारते, तुमच्या घरातलं एखादं अक्षर आहे का,
दाराबाहेर न चालणारं?
मी ब्रश न उचलता ळ काढला.
दोन पोटांचा, मस्त.
चाळीस वर्षांत कितीदा लागला असेल हात या अक्षराला?
एका काळे वैद्यांना, एका मंगळागौरीच्या मंडळाला,
एका शाळेला, जिची पाटी नंतर मीच उतरवली.

ती जीभ मागे वळवून बसली.
अख़्तरभाई कात्री ठेवून बघायला आले.
तिसऱ्या खेपेला जमलं,
विहिरीच्या तळाला बादली टेकते ना, तसं.
वर निळ्या फरश्यांवरची पिवळी बदकं
उन्हात रांगेनं उभी होती,
ती कुठल्या भाषेत ओरडतात कोण जाणे.

पैसे दिले, वर तो दगडही ठेवून गेली.

रात्री जिवाजीगंजात, घरी,
नातू म्हणाला, 'आजोबा, केला दो ना.'
दिलं. देताना म्हटलं, केळं.
'वही तो,' म्हणाला, आणि सोलायला लागला.
त्याच्या गळ्यात कोणी काही अडकवलेलं नाही.
त्याच्या बापाच्याही नव्हतं.
बोट दाखवायला एक मास्तरसुद्धा नाही.

तो झोपल्यावर तांब्यात बोट बुडवून
त्या दगडावर ळ काढला.
वाळेपर्यंत होता.
मग पुन्हा काढला.